कोळ्यावर आळ: बेसा रोडच्या लेआउटमधलं एक प्रकरण

पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. सोमवारची सकाळ, मी कॉलेजला निघायच्या घाईत, पोह्यांचा घास तोंडातच, आणि शेजारच्या वहिनी पोराला कडेवर घेऊन गेटमध्ये हजर. पोरगं सहा वर्षांचं, कडेवर घ्यायचं वय नाही त्याचं, तरी घेतलेलं, कारण मानेला कपडा जरी लागला तरी ते किंचाळत होतं. मागून आजी. आजींनी निदान घरूनच करून आणलं होतं, "कोयी मुतला पोराच्या गयावर, दुसरं काय! मी कवापासून सांगून राहिली, ते जायं काढा म्हणून." आजींचा कोयी म्हणजे कोळी, जायं म्हणजे त्याचं जाळं.

मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही, पण आमच्या लेआउटमध्ये साप निघाला की मॅडम, घोरपड दिसली की मॅडम, गच्चीवर घुबड बसलं तरी मॅडमच. त्यामुळे हे प्रकरण पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर घडलं, आणि त्यात मी पण एक चूक केली, ती पुढे सांगतेच. लिहून ठेवायचं कारण एवढंच की दर पावसाळ्यात कोणी ना कोणी फोटो पाठवून विचारतं, हा पट्ट्यापट्ट्यांचा कोळी विषारी आहे का, पोरांना काही करेल का, कुत्र्याला काही होईल का, मारू का ठेवू. दरवेळी मी "काही करत नाही हो" एवढंच टाइप करते आणि कोणाचाच विश्वास बसत नाही.

आधी जागा सांगते, कारण सगळं गुपित जागेतच होतं. आमचा लेआउट नागपूरला, बेसा रोडच्या आत, अर्धी घरं झालेली, अर्धे प्लॉट रिकामे. रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं गवत आणि पावसाचं साचलेलं पाणी. वहिनींच्या घराला लागून एका प्लॉटवर बांधकाम सुरू, तिथे रात्रभर पांढरा फटफटीत फ्लडलाइट, सळाखी चोरीला जाऊ नये म्हणून. वहिनींच्या पोर्चमध्ये पण पांढरी एलईडी ट्यूब, तीही रात्रभर, आणि समोरच्या खोलीची खिडकी बरोबर त्या ट्यूबखाली, जाळी फाटलेली. गेटपासून भिंतीपर्यंत मेहंदीचं कुंपण. त्या कुंपणात चार मोठ्ठे कोळी, गेटच्या कोपऱ्यात पाचवा.

कुंपणातले चार म्हणजे सिग्नेचर स्पायडर, शास्त्रीय नाव आर्जिओपी अनासुजा. आपल्याकडे पावसाळ्यात बागेत हमखास दिसतो. मादीचं धड साधारण एक सेंटिमीटर, पाठीवर पिवळे-तपकिरी पट्टे, गोल जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसलेली, आठ पाय दोन-दोनच्या जोडीत असे ठेवते की लांबून फुलीसारखं दिसतं, आणि जाळ्यात पायांच्या रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी, म्हणून सिग्नेचर. ही नक्षी कशासाठी यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात, कोणी म्हणतं पाखरांनी जाळं पाहून बाजूने जावं म्हणून, कोणी म्हणतं तिच्या चकाकीने किडे खेचले जातात म्हणून. नर एवढूसा असतो की तो दाखवला तर लोकांना ते तिचं पिल्लू वाटतं. गेटवरचा पाचवा निओस्कोना, तो मातकट रंगाचा, संध्याकाळी जाळं विणतो आणि दिवसा पानाखाली दडून बसतो. म्हणजे रात्री उशिरा घरी येणाऱ्याच्या तोंडावर जे जाळं चिकटतं ना, ते बहुतेक ह्याचंच.

आता शनिवारी झालं असं की पोरांचा बॉल कुंपणात गेला, हा पोरगा घुसला आणि एक अख्खं जाळं तोंडा-मानेवर घेऊन बाहेर आला. भरपूर ओरडला, आईने तोंड पुसलं, संपलं. रविवारी संध्याकाळी मान लाल, थोडी आग. सोमवारी सकाळी मानेवर डाव्या बाजूला बोटभर लांब लाल पट्टा, जसा कोणी गरम तार टेकवावी तसा, त्यावर पिवळसर पाण्याचे बारीक फोड.

आणि त्याच सोमवारी शेरू. शेरू म्हणजे लेआउटचा कुत्रा, कोणाचा नाही आणि सगळ्यांचा आहे. त्याचं अर्ध तोंड सुजून वांग्यासारखं, एक डोळा बंद. तो रोज सकाळी त्याच कुंपणात तोंड घालून हुंगत फिरतो हे सगळ्यांना माहीत. मग काय, खटला तिथेच संपला. पोराच्या मानेवर जाळं, कुत्र्याचं तोंड जाळ्यात, कोळी समोर पिवळे पट्टे दाखवत बसलेला. दूधवाले भाऊ थांबले ते पण सांगून गेले की गुरानं चाऱ्यासंगं कोळी खाल्ला तर पोट फुगते, त्यांच्या काकाची गाय तशीच गेली.

माझी चूक इथली. मी पोराची मान बघितली, एकाच बाजूला पट्टा, त्यावर फोड, आणि पटकन बोलून गेले, "वहिनी, हे मला नागिणीसारखं वाटतंय, डॉक्टरला दाखवा." डॉक्टरला दाखवा हे बरोबर होतं, नागीण चूक. नागिणीत बहुतेक वेळा फोड यायच्या आधीच दोन-चार दिवस ती जागा दुखते, फोड घोसाघोसाने नसेच्या वाटेवर येतात, आणि इतक्या लहान पोरांत ती तशी कमीच. पण मी सकाळी पावणेआठला, घड्याळाकडे बघत, शेजाऱ्याच्या मानेचं निदान केलं आणि ते निदान माझ्याआधी क्लिनिकमध्ये पोचलं. वहिनींनी जवळच्या डॉक्टरांना सांगितलं की मॅडम नागीण म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी पण मान डोलावून नागिणीच्या गोळ्या लिहून दिल्या. आजी मात्र दोघांना पण ऐकायला तयार नव्हत्या. आजींचं पण चूकच होतं, पण आमच्यापेक्षा कमी, हे पुढे कळलं.

मंगळवारी भाऊंनी, म्हणजे वहिनींच्या मिस्टरांनी, स्प्रेचे दोन डबे आणून अख्खं कुंपण भिजवलं. संध्याकाळी मी घरी आले तर पाचही कोळी खाली, पाय आत वळलेले. वाईट वाटलं, खरं सांगते. पण त्या वेळी मी काही बोलले नाही, कारण ज्याचं पोरगं रात्रभर रडलंय त्याला कोळ्याचे गुण कोण सांगणार, आणि माझं स्वतःचं नागिणीचं भविष्य ताजंच होतं.

खरंतर मला तेव्हाच तीन गोष्टी खटकायला पाहिजे होत्या.

पहिली, हे कोळी जाळं सोडून अंथरुणात येत नाहीत. सिग्नेचरचं सगळं आयुष्य त्या जाळ्यात. आठ डोळे आहेत पण नजर अधू, जगाची बातमी तिला धाग्यांच्या थरथरीतून कळते. धक्का लागला तर ती आधी जाळं जोरजोरात हलवते, झोपाळ्यासारखं, आणि तरी पण तुम्ही जवळ आलात तर टपकन खाली पडून पालापाचोळ्यात दडते. अंगावर धावून येणं तिच्या हिशोबातच नाही, कारण तुम्ही तिचं खाणं नाही. भक्ष्याशी पण ती कुस्ती खेळत नाही, आधी रेशमाने गुंडाळते, गठ्ठा बांधते, मग चावते.

दुसरी, कोळी मुतला हा जो प्रकार आहे ना, तो होतच नाही. आपल्या लघवीत युरिया असतो, कोळ्याच्या शरीरातून निघणारी घाण मुख्यतः ग्वानिन नावाचं द्रव्य, दाट, पांढरं, चुन्याच्या थेंबासारखं वाळतं. जाळ्याखालच्या पानांवर पांढरे ठिपके दिसतात ते हेच. मी बोटाने खरवडलेत, वर्गात मुलांना दाखवलेत, त्याने ना आग होत ना फोड येत.

तिसरी, चावा असता तर पोराला त्याच क्षणी कळलं असतं. पोरगा जाळं लागलं म्हणून ओरडला, टोचलं म्हणून नाही. त्याला मी नंतर विचारलं पण, तो म्हणाला चिकट होतं, बस.

चावला तर काय होतं ते मला अनुभवाने माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी पारिजातकाची छाटणी करताना मी फांद्यांचा भारा उचलला आणि त्यात सिग्नेचरची मादी माझ्या बोटांमध्ये चेपली गेली, ती बिचारी चावली, दुसरं काय करेल. लाल मुंगी चावते तेवढं दुखलं, मसुराएवढा लाल डाग, साबणाने धुतलं, स्वयंपाक होईपर्यंत विसरले. बहुतेकांना असंच होतं. एखाद्याला थोडी सूज, खाज, क्वचित बधिरपणा, आणि ज्याला ॲलर्जीच आहे त्याची गोष्ट वेगळी, पण तसं तर मधमाशीचं पण आहे आणि मधमाशी कितीतरी जास्त जणांना गोत्यात आणते.

"पण विष तर असतं ना?" असतं, कोण नाही म्हणतं. जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना विष असतं, प्रश्न कोणासाठी बनलंय हा आहे. कीटकांच्या स्नायूंना आखडण्याचा निरोप ग्लुटामेट नावाच्या रसायनातून मिळतो, आपल्या हातापायांच्या स्नायूंना तोच निरोप ॲसिटिलकोलिनमधून. आर्जिओपीच्या विषातलं एक मुख्य द्रव्य बरोबर त्या ग्लुटामेटच्या दारांना बूच लावतं. माशीचे पंख जागच्या जागी थांबतात, तुमच्या मनगटाला त्याचं काही देणंघेणं नाही, शिवाय मात्रा एवढीशी की विचारू नका. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी हे द्रव्य वेगळं काढलं, कोळ्याच्याच नावावरून त्याला आर्जिओटॉक्सिन म्हणतात, आणि आपल्या मेंदूत पण ग्लुटामेटची दारं आहेत म्हणून मज्जासंस्थेच्या अभ्यासात ते वापरलं गेलं. बारावीच्या मुलांना हे सांगितलं की ती दोन मिनिटं तरी मोबाइल खाली ठेवतात.

विष कोणाला लागू पडेल हे कोळ्याच्या आकारावरून पण ठरत नाही आणि रंगावरून तर नाहीच. ऑस्ट्रेलियातला सिडनी फनेल-वेब माणसाला आणि माकडाला जीवघेणा, पण कुत्र्या-मांजरांना त्याचं विष फारसं बाधत नाही. उलट ब्लॅक विडोच्या कुळातल्या कोळ्यांचं विष मांजरांना भारी पडतं. माणसाला खरोखर धोकादायक असे कोळी जगात मोजकेच, आणि २०२२ मध्ये जगातल्या नोंद झालेल्या कोळ्यांच्या जाती ५०,००० च्या वर गेल्या. विडोच्या कुळातले भारतात पण आहेत, पण त्यांचं जाळं विस्कटलेलं, दगडाखाली, अडगळीत, जमिनीलगत. कुंपणात चाकासारखं रेखीव उभं जाळं दिसलं की ते ह्या भानगडीतलं नाही, एवढी खूण सामान्य माणसाला पुरे.

चावल्याने मांस सडतं, खड्डा पडतो, असे फोटो फिरतात त्याबद्दल पण सांगून टाकते. २००२ साली ऑस्ट्रेलियात एक अभ्यास छापून आला होता, ७५० चाव्यांचा, आणि अट अशी की चावणारा कोळी पकडून आणलेला पाहिजे आणि तज्ज्ञाने ओळखलेला पाहिजे. त्या ७५० मध्ये सडलेली जखम एकही नाही, बहुतेक किरकोळ दुखणं आणि लाली, ज्यांना जास्त त्रास झाला त्यांच्यात मोठा वाटा रेडबॅक नावाच्या विडोच्या भावकीतल्या कोळ्याचा. कोळी हातात नाही, कोणी चावताना पाहिला नाही, आणि सकाळी उठल्यावर फोड दिसला म्हणून "कोळी चावला", असल्या केसेस बघायला गेलं तर बरेचदा साधं गळू निघतं, नाहीतर दुसराच कीडा.

तर आपल्या केसमध्ये दुसरा कीडाच होता.

कोळी मेले मंगळवारी. शुक्रवारपर्यंत पोराचा पट्टा सुकायला लागला आणि भाऊ जरा खुशीत, बघा मॅडम, कोळी गेले आणि आराम पडला. मी पण हो हो म्हटलं. रविवारी सकाळी आजींचा हात. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टा, फोड, आणि गंमत म्हणजे घडीच्या वर जसा चट्टा तसाच घडीच्या खाली, आरशात बघावं तसा. आजी आठवडाभर गुडघ्यामुळे घराबाहेर पडल्या नव्हत्या, कुंपणाजवळ गेल्या नव्हत्या, आणि कुंपणात आता मुतायला कोळीच शिल्लक नव्हता.

तो जोडचट्टा बघितला आणि माझं डोकं एकदम लागलं. मग मी पोराला बोलावून त्याची हनुवटी वर करायला लावली, तर हनुवटीखाली पण एक पुसट डाग, बरोबर मानेच्या पट्ट्यासमोर. मान खाली घातली की दोन्ही एकमेकांवर टेकतात. म्हणजे कातडीवर काहीतरी ओलं लागलं होतं आणि घडी मिटल्यावर त्याचा छाप दुसऱ्या बाजूला उमटला. चाव्याचा छाप उमटत नाही.

रात्री नऊला मी वहिनींच्या पोर्चमध्ये ट्यूबखाली पांढरी चादर टांगली, स्टीलचा डबा आणि जुना ब्रश घेऊन खुर्ची टाकून बसले. भाऊ हसत होते. पतंग, तुडतुडे, एक रातकिडा, पंखवाल्या मुंग्यांचा भडिमार, आणि मग पाऊण तासात एकामागून एक चार जण आले ज्यांची मी वाट बघत होते. मुंगीसारखा लांबट, एक सेंटिमीटरच्या आतलाच, डोकं काळं, मधे नारिंगी, मग निळसर-हिरवी चकाकती पाठ, परत नारिंगी, शेपटाचं टोक काळं, आणि चालताना विंचवासारखं शेपूट वर. पेडेरस म्हणतात त्याला, भुंगेऱ्यांच्या जमातीतला, पेपरवाले नैरोबी फ्लाय लिहितात पण ती माशी नाही आणि आपल्याकडच्या जातीला नैरोबीहून यायची गरज पण नाही. २०२२ च्या जुलैत सिक्कीममध्ये एका कॉलेजच्या शंभरएक विद्यार्थ्यांना ह्याने असेच पट्टे काढले होते तेव्हा बातम्या आल्या होत्या, लोक विसरले.

हा चावत नाही, डंखत नाही. ह्याच्या रक्तात पेडेरिन नावाचं द्रव्य असतं, आणि ते पण हा स्वतः बनवत नाही, त्याच्या अंगात राहणारे बॅक्टेरिया बनवतात. कीडा मानेवर चालतो, गुदगुल्या होतात, झोपेत आपण हात मारतो, तो चिरडतो, आणि हात ज्या दिशेला फिरला त्या दिशेला पट्टा. म्हणून तार टेकवल्यासारखी रेघ. आग लगेच होत नाही, साधारण १२ ते ४८ तासांनी सुरू होते, तोपर्यंत रात्रीचा तो किडा कोणाला आठवतो? पण शनिवारी संध्याकाळचं जाळं पक्कं आठवतं. कारण शनिवारी रात्रीचा किडा आणि शनिवारी संध्याकाळचं जाळं, दोघांचं वेळापत्रक एकच निघालं. नुसत्या तारखा जुळवत बसलो असतो तर कोळी आजपर्यंत सुटला नसता.

आणि आता आजींची बाजू. भारतात ह्या पेडेरसच्या पुरळाला डॉक्टर लोक पण बोली इंग्रजीत स्पायडर लिक, म्हणजे कोळ्याने चाटलं, असं म्हणत आलेत. हिंदीवाले मकडी फिर गई म्हणतात. म्हणजे आजी ज्याला कोळी मुतला म्हणत होत्या तो आजार खरा, ओळखीचा, त्यांनी त्यांच्या गावी भंडाऱ्याकडे धानाच्या बांधावर शंभरदा पाहिलेला, कारण पेडेरसला ओली जमीन लागते आणि धानाची बांधी म्हणजे त्याचं माहेर. आरोपी चुकला, पण आजार त्यांनी बरोबर ओळखला होता. मी आणि ते डॉक्टर, आम्ही आजारच दुसरा सांगितला. हे मी आजींना कबूल केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग! बुड्या माणसाचं आयकत जा थोडं."

सोमवारी डबा घेऊन आम्ही सगळे स्किनच्या डॉक्टरांकडे. त्यांनी डब्यात एक नजर टाकली, आजींचा हात बघितला, आणि पावसाळ्यात आठवड्याला असे किती येतात ते बोटांवर मोजायला लागले. नागिणीच्या गोळ्या बंद, साबण-पाण्याने धुवायचं, गार पाण्याच्या पट्ट्या, एक सौम्य मलम, फोड फोडायचे नाहीत, आणि हात डोळ्याला लावायचा नाही कारण ते द्रव्य डोळ्यात गेलं तर डोळा सुजून बंद होतो. आठ-दहा दिवसांत दोघांचं पण सुकलं, काळपट डाग मात्र दिवाळीपर्यंत राहिले.

शेरूचं काय? त्याला त्याच पहिल्या सोमवारी समोरच्या गल्लीतला कॉलेजचा मुलगा स्कूटीवर मधे बसवून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले असं एकदम अर्ध तोंड सुजणं बहुतेक डंखाचं काम, माशी-बिशी, इंजेक्शन दिलं, संध्याकाळी शेरू परत पोळी मागायला दारात. कुंपणाच्या बुडाशी, मीटरच्या पेटीमागे, गांधीलमाश्यांचं पोळं सापडलं, वाटीएवढं. तिथेच शेरूची रोजची हुंगायची जागा. शेरू साक्ष द्यायचा नाही, त्यामुळे शंभर टक्के म्हणत नाही, पण कोळी की गांधील असं विचाराल तर मी गांधीलवर पैसे लावीन. कुत्र्याने सिग्नेचर कोळी खाल्ला तरी काही होत नाही, ते विष टोचायचं आहे, गिळायचं नाही. चिमण्या, सरडे, पाली दिवसभर कोळी खातात. आमच्या दारातला जांभळा सूर्यपक्षी कोळी पिलांना भरवतो आणि वर त्याचंच जाळं चोरून घरटं शिवतो. कुंभारीण माशी तर मातीच्या घरात बेशुद्ध कोळी कोंबून ठेवते पिलांची शिदोरी म्हणून, जुन्या कपाटामागचं तिचं घर फोडलंत तर आत हेच बागेतले कोळी निघतील. ज्याला एवढे सगळे खातात तो गाय कशी मारेल? गाईचं पोट फुगणं बहुतेकदा कोवळ्या, ओल्या, शेंगवर्गीय चाऱ्याचं, ल्युसर्न-बरसीम अधाशासारखं खाल्ल्याचं, नाहीतर धान्याच्या पोत्यात तोंड घातल्याचं. चाऱ्यात कोळी पावसाळ्यात असतोच, आणि कोवळा चारा पण पावसाळ्यातच, म्हणून दूधवाले भाऊंचे काका कोळ्यावर गेले असतील.

प्राण्यांना अजिबातच काही करत नाही असं पण म्हणणार नाही, छोट्या प्राण्यांना करतो. ताडोब्याला पावसाळ्यानंतर गेलात तर जिप्सीवाले झाडांमध्ये जायंट वूड स्पायडर दाखवतात, सोनेरी जाळ्याचा, पाय पसरले तर तळहात झाकेल एवढा. त्याच्या जाळ्यात क्वचित एखादं छोटं पाखरू अडकून मेल्याच्या नोंदी आहेत. माणसाला तो पण काही करत नाही, उगाच फांदीने डिवचू नका म्हणजे झालं.

खरा धोका त्या आठवड्यात कुंपणात आला तो मंगळवारी, डब्यातून. घरगुती स्प्रेमध्ये बहुतेक पायरेथ्रॉइड औषधं असतात, त्यातली काही, परमेथ्रिन मुख्य, मांजरांना भयंकर बाधतात, थरकाप, झटके, कारण मांजराच्या लिव्हरला ती नीट मोडता येत नाहीत. माशांच्या टाकीला पण तेच. सुदैवाने त्या दिवशी पाऊस आला आणि लेआउटमधल्या दोन मांजरी त्या बाजूला फिरकल्या नाहीत. भाऊंना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले.

मग उपाय काय केले, तर पोर्चची ट्यूब काढून पिवळा बल्ब, तो पण दहाला बंद. खिडकीला नवी जाळी. पलंग खिडकीपासून सरकवला, झोपायच्या आधी चादर झटकायची. बांधकामवाल्याला फ्लडलाइट आमच्याकडे पाठ करून लावायला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आजी गेल्या, तेव्हा झालं. आणि अंगावर तो नारिंगी-काळा किडा दिसला तर मारायचा नाही, फुंकर मारायची नाहीतर कागदावर घेऊन बाहेर टाकायचा आणि जागा लगेच साबणाने धुवायची. पोरगं हे आता सगळ्या येणाऱ्याजाणाऱ्यांना शिकवतं.

त्यानंतर लेआउटमध्ये नवीन पुरळ नाही आलं. पण मी ह्याचं सगळं श्रेय पिवळ्या बल्बला देणार नाही, कारण पुढच्या आठवड्यात पाऊस पण उघडला आणि रिकाम्या प्लॉटचं पाणी आटलं, दोन्ही एकदमच झालं. पुढच्या पावसाळ्यात बल्ब तोच ठेवून बघू.

मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई घेऊन जा म्हणत मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा, आम्ही सगळे इतवारीत गेलो होतो, गर्दीत पोरगं भाऊंच्या खांद्यावर, मानेवर अजून डाग. लोक ओरडत होते इडा पीडा घेऊन जा गे मारबत, आणि हे ओरडतं, पेडेरस घेऊन जा गे मारबत. बाजूच्या बाईंना वाटलं नवीन कुठल्या तापाचं नाव आहे, त्यांनी पण म्हणून टाकलं.

ऑक्टोबरात कपडे वाळत घालायच्या दोरीला लागून, कढीपत्त्याच्या झाडावर, एक नवी सिग्नेचर दिसली. छोटी, नक्षी पण धड जमत नव्हती तिला. वहिनींनी झाडू घेतलेला मी गच्चीवरून बघत होते. तेवढ्यात आतून आजी आल्या, झाडू काढून घेतला, आणि भाऊंना हाक मारून दोरीची खुंटी दोन हात इकडे ठोकायला लावली. समोरच्या काकू गेटवरून विचारत होत्या, काहून आजी, तुम्हीच तं म्हणत होत्या कोळी मुतते म्हणून. आजी म्हणाल्या, "मुतत नाही तो. चुना टाकते. मॅडमले इचार."